हँड कंट्रोलची गाडी, दिव्यांग आरसी आणि इंदूरचं पार्किंग : दिवाळी ते पावसाळा

गेल्या दिवाळीत पेट्रोल ऑटोमॅटिक घेतली, तिला पायाऐवजी हाताने ब्रेक-रेस सांभाळायचं हँड कंट्रोल किट बसवलं, आरसीवर दिव्यांगजन अशी नोंद करून घेतली. आता पावसाळा लागलाय, म्हणजे लिहिण्याइतकी चालवून झालीये. मी एमपी पोलिसात एएसआय, ड्यूटीवर असताना ट्रकने उडवलं त्यात उजवा पाय गुडघ्याखालून गेला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 20 आहे म्हणून नोकरी आणि रँक दोन्ही राहिलं, हल्ली टेबलावर असतो.

पोलीस लाइनीतली पोरं सारखं विचारतात म्हणून आधीच सांगतो, रजिस्ट्रेशनमध्ये पोलिसांसाठी वेगळं असं काही नाही. जे मिळतं ते यूडीआयडी कार्डावर, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावर, दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल तर, आणि तिथे ठाण्याचे टीआय (इन्स्पेक्टर) साहेब असोत की भाजीवाला, रांग एकच. मला हे बरोबरच वाटतं.

2020 पासून गाडी रजिस्टर करायच्या फॉर्म 20 मध्ये मालकीच्या रकान्यात दिव्यांगजन हा पर्याय आलाय, त्यातही दोन, जीएसटी सवलत घेऊन आणि न घेता. मी न घेता वाला भरला, कारण पूर्वी अवजड उद्योग मंत्रालयाचं सर्टिफिकेट आणलं की 28 ऐवजी 18 टक्के लागायचे, पण 22 सप्टेंबर 2025 पासून 1200 सीसीपर्यंतच्या, चार मीटरच्या आतल्या पेट्रोल गाड्यांना सगळ्यांनाच 18 झालंय, मग त्या कागदामागे कोण धावणार. रोड टॅक्सचं प्रत्येक राज्याचं वेगळं, ते स्वतः बघा, डीलरच्या तोंडी हिशोबावर जाऊ नका. इन्शुरन्समध्ये मात्र आयएमटी 12 नावाचं कलम आहे, आरसीवर अडॅप्टेड अशी नोंद असेल तर मोटर टॅरिफप्रमाणे ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर 50 टक्के सूट. एजंटला हे माहीतच नव्हतं, मीच दाखवलं.

किट झकास आहे. दांडा पुढे ढकलला की ब्रेक, ओढला की रेस. सुरुवातीला खांदा भरून यायचा, आता सवय झाली. एक हात दांड्यावर, एक स्टिअरिंगवर, आणि इंदुरात हॉर्नसाठी तिसरा हात लागतो तो कुठून आणायचा?

नॅशनल हायवेच्या टोलला सूट आहे, 2008 च्या फी नियमांत अपंगांसाठी खास बनवलेली गाडी माफ आहे, पण त्यासाठी वेगळा एग्झेम्प्टेड, म्हणजे टोलमाफीचा फास्टॅग काढावा लागतो, आरसीवर नुसतं बोट ठेवून गेट उघडत नाही. धुळ्याला मावशीकडे जाताना कामी येतो. स्टेट हायवेचे टोल वेगळे, तिथे हा चालेल असं धरून चालू नका.

आता पार्किंग, म्हणजे खरं दुखणं. कागदावर सगळं छान, इमारतीच्या दारापासून 30 मीटरच्या आत जागा, रुंदी 3.6 मीटर. ही रुंदी उगाच नाही, मला दार पूर्ण उघडून नकली पाय बाहेर काढावा लागतो, शेजारी कुणी स्कूटर टेकवली की मी आतच अडकलो. एका मॉलमध्ये निळी व्हीलचेअर रंगवलेल्या जागेवर रोज मॅनेजरची एसयूव्ही. गार्डला आरसी दाखवली, कार्ड दाखवलं, तर म्हणे ‘भिया, आगे लगा लो ना, इधर साब की लगती है’. मग एकदा युनिफॉर्मवर होतो तर तोच गार्ड पळत येऊन जागा अडवणारा प्लास्टिकचा कोन हटवतो, सलाम ठोकतो! म्हणजे पाय नाही म्हणून जागा नाही, पट्टा आहे म्हणून जागा. मला ही मेहेरबानी नकोय हो, उद्या रिटायर झालो की काय करू? आणि ज्याच्याकडे वर्दीच नाही त्याने काय करायचं?

भाचा अमेरिकेत असतो, तो सांगतो तिकडे आरशाला निळा प्लॅकार्ड लटकवतात, तो माणसाच्या नावावर, गाडीच्या नाही, मित्राच्या गाडीत बसलात तरी चालतो. आपल्याकडे सगळं आरसीला बांधलेलं, मुलाच्या गाडीतून गेलो की मी पार्किंगवाल्यासाठी धडधाकट. राजवाड्याकडे, जुन्या बाजाराच्या गर्दीत, तर मी गाडी नेतच नाही, बायकोला तिथल्या सराफ्यात जायचं असलं की रिक्षा.

किट बसवणार असाल तर त्या किटचं अप्रूव्हल आहे ना ते आधी बघा, मग फिटिंगचं बिल सांभाळून गाडी आरटीओत दाखवा आणि आरसीबरोबर लायसनवरही अडॅप्टेड व्हेईकल चढवून घ्या. पावसात दांड्याचा जॉइंट कुरकुरायला लागलाय, सर्व्हिस सेंटरवाले त्याला हात लावत नाहीत, बसवणाऱ्यालाच बोलवावं लागतं, त्याचा नंबर सेव्ह करून ठेवा.