सायबर सिक्युरिटी की डिजिटल फॉरेन्सिक : कंटाळा कोणता झेपेल ते आधी बघा

सेलूची माझी भाची बारावीनंतर दोन माहितीपत्रकं घेऊन आली. एक सायबर सिक्युरिटीचं, म्हणजे संगणकांवरचे हल्ले रोखायचं; दुसरं डिजिटल फॉरेन्सिकचं, म्हणजे मोबाइल-संगणकातले पुरावे तपासायचं. "मामा, दोन्ही सारखंच दिसायलंय की!" दिसणारच. दोन्हींवर हुडी घातलेला तोच पोरगा आणि तीच हिरवी अक्षरं.

मी तिला थरार बाजूला ठेवायला सांगितलं. दोन्ही कामांत थरार कमी, कंटाळा जास्त. फक्त कंटाळ्याची जात वेगळी.

सायबर सिक्युरिटीत पहिली नोकरी बहुतेकांना पुणे-हैदराबादेत, कंपन्यांच्या नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या निगराणी कक्षात मिळते. रात्रपाळी, समोर हल्ल्याच्या इशाऱ्यांची रांग, त्यातले बरेचसे खोटे. पण खरा कुठला हे ओळखायला नेटवर्क, लिनक्स आणि थोडं प्रोग्रॅमिंग हाताखाली असावं लागतं. काम कधी संपत नाही. आज भोक बुजवलं की उद्या दुसरं.

फॉरेन्सिकचं काम संपतं, ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यात. जप्त मोबाइलचं सील तपासा, फोटो काढा. हार्डडिस्क असेल तर मूळ डिस्कवर काहीच लिहिलं जाऊ नये म्हणून राइट ब्लॉकर नावाचं उपकरण लावून तिची हुबेहूब प्रत, म्हणजे इमेज, घ्या, तपास त्या इमेजवर करा आणि पानंच्या पानं अहवाल लिहा. भाचीला मी लॅपटॉपवर एक खेळ दाखवला. एका फाइलीत "कापूस १२ क्विंटल" एवढंच लिहून तिचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे मजकुरावरून गणितानं निघणारा जणू अंगठ्याचा ठसा, काढला. ६४ अक्षरांची लांबलचक ओळ आली. मग शेवटी नुसतं एक टिंब दिलं, तर अख्खी ओळ बदलली. "एवढ्याशा टिंबानं?" हो, एवढ्याशा टिंबानं. पुराव्यात कुणी हात घातला नाही हे कोर्टाला याच ओळीवरून पटवायचं असतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यायचं असतं, त्यात हा हॅश लिहावा लागतो, आणि त्या प्रमाणपत्राचा एक भाग तज्ज्ञानं भरायचा असतो.

आधी हेच प्रमाणपत्र जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली होतं. त्याच्यावरचा गाजलेला निकाल आपल्या जालन्याचा आहे, हे इथल्या पोरांना कुणी सांगत नाही. २०१४ च्या विधानसभेत अर्जुन खोतकर कैलास गोरंट्यालांपेक्षा २९६ मतांनी पुढे होते. खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर आला, असा आक्षेप निघाला. पुरावा होता निवडणूक कार्यालयातलं चित्रीकरण, आणि मागूनही त्याचं प्रमाणपत्र अधिकाऱ्यांनी दिलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२० मध्ये सांगितलं, की मूळ उपकरण हजर केलं नसेल तर प्रमाणपत्र लागतंच. असले खटले चवीनं वाचणाऱ्यानं फॉरेन्सिककडे जावं. ज्याला दोन पानं कायदा वाचून जांभई येते, त्यानं जाऊ नये.

आता पदव्या. नावाला भुलू नका. छत्रपती संभाजीनगरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे, पण तिथली बीएस्सी म्हणजे सगळं फॉरेन्सिक : रसायन, जीवशास्त्र, बोटांचे ठसे. फक्त संगणक हवा असेल, तर डिजिटल-सायबर फॉरेन्सिक आणि संबंधित कायद्याची पदविका पदवीनंतर. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठात दोन्ही विषयांच्या एमएस्सी वेगवेगळ्या आहेत. सायबर सिक्युरिटीचं बीटेक मात्र पहिली दोन वर्षं जवळपास कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच असतं. त्यासाठी सीईटीसारखी प्रवेशपरीक्षा आणि गणित सुटत नाही.

म्हणून माझं मत एकतर्फी आहे. पदवी कॉम्प्युटरची किंवा सायबरची घ्या, फॉरेन्सिक पदव्युत्तरला. इकडून तिकडे जाता येतं. उलट जाताना नेटवर्क-प्रोग्रॅमिंगचा खड्डा स्वतःच भरावा लागतो. शिवाय कंपन्यांनाही आता तपास येणारी माणसं लागतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशानं हल्ल्याची खबर ६ तासांत द्यायची आणि लॉग, म्हणजे यंत्रणेतल्या हालचालींच्या नोंदी, १८० दिवस जपायचे आहेत. अपवाद एकच : सरकारी प्रयोगशाळेतच जायचंय हे पक्कं असेल, तर जुन्या भरतीच्या जाहिराती काढून त्यातली पात्रता शब्द न् शब्द वाचा आणि त्याप्रमाणे पदवी निवडा.

खर्चाचं फार बोलत नाही. सरावाची सॉफ्टवेअर, म्हणजे वायरशार्क, ऑटोप्सी, काली लिनक्स, फुकट आहेत. लॅपटॉपला १६ जीबी रॅम असू द्या, बस्स.

फी भरण्याआधी लॅब मात्र उघडून बघा. भाचीला घेऊन मी एका कॉलेजात गेलो. कपाटात राइट ब्लॉकर होता, कंपनीच्या प्लास्टिकमध्ये, चिकटपट्टीसकट. मुलांना कधी देता म्हणून विचारलं, तर सर म्हणाले, "महागाचं आहे हो ते. तुटलं तर कोण भरणार?"