लेहमध्ये एक दिवस मोकळा: गाडी पँगाँगला न्यावी की शाम व्हॅलीत?

लेहला मुक्काम आहे, नुब्रा खोऱ्याचं वेगळं ठरलंय आणि मधला एक दिवस रिकामा आहे. लडाखला जाणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेक कुटुंबांच्या कार्यक्रमात असा दिवस निघतोच, आणि त्यावरून रात्रीच्या जेवणाला चर्चा रंगते. मुलांना पँगाँगचं तळं हवं असतं, आईबाबा म्हणतात, जवळपास काहीतरी बघू. माझं मत आधीच सांगते. विमानाने येऊन दोन-तीनच दिवस झाले असतील किंवा गाडीत साठीपुढचं कुणी असेल, तर सिंधूकाठची शाम व्हॅली. बाकीच्यांनी पुढचं वाचून ठरवावं.

फरक पडतो तो उंचीचा. लेह स्वतःच साधारण 3,500 मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या (1,646 मीटर) दुपटीहून उंच. पँगाँगला जाताना कारू, शक्ती ओलांडून गाडी चांग ला खिंडीत चढते आणि ती खिंड आहे 5,300 मीटरच्याही वर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. दहा-पंधरा मिनिटं उतरून फोटो काढेपर्यंत धडधाकट माणसालाही डोकं जड झाल्यासारखं वाटतं. खिंड उतरून तांगत्से, मग लुकुंग, आणि तिथे समोर तळं. ते तळंही साधारण 4,250 मीटरवर. संध्याकाळी परत येताना तीच खिंड पुन्हा चढायची.

शाम व्हॅलीची वाट याच्या उलट. श्रीनगरकडे जाणारा हा रस्ता सिंधू नदीच्या प्रवाहाबरोबर खाली जातो, त्यामुळे लेहहून निघालात की उंची हळूहळू कमी होत जाते. या वाटेवरचं मुख्य ठिकाण, आल्ची गाव, लेहपेक्षा तीन-चारशे मीटर खालीच आहे. ज्यांना रात्री झोप लागली नाही किंवा ज्यांचं डोकं अजून ठणकतंय, त्यांना या वाटेवर बरं वाटू शकतं.

अंतराचं सांगायचं तर पँगाँग एका बाजूने सुमारे दीडशे किलोमीटर, पाच तास धरा. सकाळी सहाला निघून रात्री सात-आठला परत, त्यातले दहा तास गाडीत आणि तळ्याकाठी दोन, फार तर अडीच तास. घाटात गाडी लागणाऱ्यांनी हा हिशेब जरूर मांडावा. आल्ची मात्र सत्तरेक किलोमीटरवर, रस्ता चांगला, आणि वाटेत थांबायला ठिकाणंच ठिकाणं.

तरीही पँगाँगची बाजू कमी लेखू नका. 130 किलोमीटरहून लांब, खारट पाण्याचं हे तळं भारताच्या हद्दीत जेमतेम एक तृतीयांश येतं, बाकीचं पूर्वेला चीनच्या ताब्यात. ढग सरकला की पाणी निळ्याचं हिरवं होतं, काठाशी तर तळातले गोटे मोजता येतील इतकं नितळ. तांगत्सेच्या पुढे कुरणांत गुबगुबीत मार्मोट (मोठ्या खारीसारखे प्राणी) बिळाबाहेर येऊन उभे राहतात. त्यांना बिस्किटं घालू नका, ते त्यांना बाधतं. फक्त दुपारनंतर तळ्यावर बोचरा वारा सुटतो, आणि वितळलेल्या बर्फाने वाटेतल्या नाल्यांचं पाणीही दुपारीच चढतं. म्हणून ड्रायव्हर "चला आता" म्हणाला की निघायचं.

बरेच जण सांगतात, पँगाँगला राहूनच या. पहाट बघायची तर ते खरं आहे. पण 4,250 मीटरवर रात्र काढणं अंगाला लेहपेक्षा कितीतरी जड जातं. उंच जाऊन रात्री खाली झोपायला येणं शरीराला सोपं पडतं, त्यामुळे एका दिवसाची फेरी दमवणारी असली तरी तिचा हा एक फायदा आहेच.

आता शाम. गुरुद्वारा पत्थर साहिबला लंगरचा चहा घ्या, मॅग्नेटिक हिलला पाच मिनिटं पुरेत (गाडी चढाला आपोआप जाते असं वाटतं, तो डोळ्यांचा भास आहे). निम्मूजवळ झंस्कार सिंधूला मिळते. वरच्या रस्त्यावरून दोन नद्यांचे दोन रंग शेजारी शेजारी वाहताना दिसतात. मग बास्गोचा मातीचा किल्ला, आणि वेळ असेल तर लिकीरची 75 फुटी मैत्रेयाची मूर्ती.

पण या दिवसाचा जीव आल्चीत आहे. सुमत्सेक हे तिथलं तीन मजली बौद्ध देऊळ, सात-आठ शतकांपूर्वीचं, काश्मिरी कारागिरांच्या हातचं. आत अंधार असतो, फोटोला बंदी आहे, म्हणून छोटा टॉर्च जवळ हवाच. तीन कोनाड्यांत उभ्या तीन बोधिसत्त्वांच्या प्रचंड मातीच्या मूर्ती. अवलोकितेश्वराच्या धोतरावर उजेड टाका: त्यावर काश्मीरमधली देवळं, वाडे, घोडेस्वार रंगवलेत, बोटाएवढे. मैत्रेयाच्या धोतरावर बुद्धचरित्र, मंजुश्रीच्या धोतरावर चौऱ्याऐंशी सिद्ध. अजिंठा पाहिलेल्या माणसाने इथे घाई करूच नये. दुपारी जेवणाच्या सुट्टीत दारं बंद होतात, तेव्हा अकराच्या सुमारास पोहोचा. जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर बाहेरच्या गल्लीत ताजे जर्दाळू मिळतात.

लामायुरूचा मठ याच दिवसात कोंबायचा मोह टाळा. तो लेहपासून सव्वाशे किलोमीटरवर आहे. तिथे गेलात तर आल्ची धावत बघावं लागतं.

पैशांचं: टॅक्सी युनियनचे दर ठरलेले असतात, दरपत्रक मागून बघा. पँगाँगचा दर शामपेक्षा बराच जास्त, पण गाडी सहा जणांत वाटली की फरक सुसह्य होतो. बाहेरून भाड्याने आणलेल्या गाडीने स्थळदर्शन करू देत नाहीत, स्वतःची गाडी चालते. पँगाँगसाठी पर्यावरण शुल्काची पावती आणि ओळखपत्र आदल्या दिवशीच तयार ठेवा. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, गाडीत एकाकडे तरी पोस्टपेड असू द्या.

पँगाँग ठरलाच, तर तो लेहमधल्या शेवटच्या दिवसांत ठेवा आणि शाम आधी करा. उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स गोळीबद्दल निघण्यापूर्वी घरच्या डॉक्टरांना विचारा. आणि आदल्या रात्री कुणाला उलट्या झाल्या किंवा डोकेदुखी गोळीनेही उतरली नाही, तर बुकिंगचे पैसे बुडाले तरी चालतील, पण चांग ला चढू नका.