टोल-फ्री नंबर आमचा, पण वाजला भलतीकडेच!

सोलापुरात चाटी गल्लीत आमचं चादर-टॉवेलचं दुकान आणि कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत. गिऱ्हाईक पार विजयपूर, कलबुर्गीपर्यंतचं. म्हणून दोन वर्षांपूर्वी १८०० चा नंबर घेतला. एजंट १८६० गळ्यात मारत होता, स्वस्त पडतो म्हणून. पण १८६० ला फोन करणाऱ्याचे पैसे कटतात, १८०० ला आपले. टॉवेलचा भाव विचारायला गिऱ्हाईकानं का खर्च करावा?

आलेला फोन कुठं वळवायचा ते अ‍ॅपमध्ये आपणच ठरवायचं. दिवसा दुकान, दुकानात कुणी उचलला नाही तर कारखाना, सातनंतर माझा मोबाईल. ही सोय झकास आहे. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी अक्षतेच्या दिवशी दुकान बंद होतं. नंदीध्वज बघायला गर्दीत उभी असतानाच मी सगळे फोन माझ्याकडं वळवले. दोन मिनिटांचं काम.

सुरुवातीला प्रत्येक फोन ३० सेकंद वाजून मग पुढं जायचा. पुढच्या नंबरपर्यंत येईस्तोवर माणूस वैतागून ठेवून द्यायचा. आता १२ सेकंदांवर आणलंय. वर स्वागताची लांबलचक हिंदी-इंग्रजी टेप! तिचेही मिनिटं बिलात आमच्याच माथी. ती काढून मी मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्ये एकेक ओळ रेकॉर्ड केली. कन्नड ओळ शेजारच्या अक्कांच्या आवाजात आहे, गिऱ्हाईकं त्यांनाच मालकीण समजतात.

खरी फजिती दिवाळीच्या आधी झाली. काउंटरवरचा पोरगा काम सोडून दुसऱ्या व्यापाऱ्याकडं गेला. अ‍ॅपमध्ये त्याचा मोबाईल काढून दुसरा टाकला, 'सेव्ह' केलं, निवांत झाले. पण 'सेव्ह' वेगळं आणि 'लागू करा' वेगळं, ते बटण खाली कोपऱ्यात. चार दिवस आमची गिऱ्हाईकं त्याच्याकडं वाजत होती! पोरगं प्रामाणिक, त्यानंच कळवलं, "काकू, तुमच्या ऑर्डरी माझ्याकडं यायल्यात." नाहीतर सीझन गेला असता. आता काहीही बदललं की आधी दुसऱ्याच्या फोनवरून १८०० लावून बघते.

कंपनीचं नाव लिहीत नाही, वाद अजून चालू आहे. सेवेला पाचात साडेतीन. दीड मार्क कापला, त्यातला अर्धा यासाठी, की टोल-फ्री विकणाऱ्यांचा स्वतःचा तक्रारीचा नंबर मात्र साधा दहा आकडी आहे, आणि तोही दुपारी दोन ते तीन कुणी उचलत नाही.