रोज चालवायची आणि ट्रॅकवरही न्यायची गाडी: कमी कॅम्बर की जास्त?

पोलोसारखी फ्रंट व्हील ड्राइव्ह हॅचबॅक धरून बोलतोय, म्हणजे पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे टॉर्शन बीम (दोन्ही सस्पेन्शनचे प्रकार), त्यामुळे मागचं अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, तसं फिक्सच, खेळ सगळा पुढचा.

कॅम्बर म्हणजे समोरून पाहिलं तर चाक किती अंश कललंय (मायनस, म्हणजे निगेटिव्ह, असेल तर वरून आत), आणि टो म्हणजे वरून पाहिलं तर चाकांची पुढची टोकं आत वळलीत की बाहेर. पहिला ऑप्शन, फ्रंट कॅम्बर -1.5 च्या आसपास आणि टो झीरो (चाकं सरळ). दुसरा, कॅम्बर -2.5 ते -3 आणि थोडा टो आउट (पुढची टोकं किंचित बाहेर).

ट्रॅकवर दुसराच भारी, यात वाद नाही. वळणात गाडी कलली की स्ट्रटवाल्या गाडीचं बाहेरचं चाक वरून बाहेर झुकतं, मग टायर बाहेरच्या खांद्यावर घासत चालतो आणि महागडे टायर दोन-तीन ट्रॅक डेत तिथूनच संपतात. जास्त निगेटिव्ह कॅम्बर असला की पूर्ण ट्रेड रस्त्याला टेकतो, अंडरस्टीअर (स्टीअरिंग वळवूनही गाडी पुरेशी न वळणं) कमी होतो. टो आउटने टर्न-इन, म्हणजे वळणात शिरणं, चपळ होतं.

पण पुण्याहून कोईम्बतूरच्या करी स्पीडवे या रेस ट्रॅकला गाडी चालवतच जाणार असाल तर हजार किलोमीटरच्या वर हायवे आहे राव, आणि तिथे टो आउट टायरची आतली कड खातो, स्टीअरिंग भटकतं. टायर खाण्यात कॅम्बरपेक्षा टो जास्त वाईट, हे लोक विसरतात.

म्हणून मी म्हणेन कॅम्बर -2 आणि टो झीरो. फक्त कॅम्बर हलवला की टो पण हलतो, तेव्हा कॅम्बर बोल्ट (कॅम्बर बदलता येणारे बोल्ट) टाकल्यावर टो परत सेट करून घ्याच.