खरखरीत मुळाक्षरांचा सेट: कल्पना छान, पण ळ कुठाय?

लेक साडेचार वर्षांची आहे, तिच्यासाठी पॉलिश पेपरच्या मुळाक्षरांचा सेट ऑनलाईन मागवला होता, दोन महिने रोज वापरून मग लिहितेय. पद्धत मॉन्टेसरीची, अक्षरावरून दोन बोटं फिरवायची आणि त्याच वेळी आवाज म्हणायचा, म्हणजे पेन्सिल धरायच्या आधीच हाताला वळण कळतं. आम्ही अ आ इ ई नाही तर ग म भ न पासून सुरू केलं, आकार सारखे असल्याने पटकन जमतं. परवा मी पोळ्या करत होते तर ही ओट्यावर सांडलेल्या पिठात बोटाने म काढत बसली, गाठ उलटी आली, पुसलं, परत काढलं आणि म्हणाली "आई हा मगरीतला म"!! इतकं भरून आलं ना.

आता तक्रार. सेटमध्ये ळ नाहीच! हिंदीचा सेट मराठी म्हणून विकतात, ल आणि श पण हिंदी वळणाचे. मग बाळ, केळं, सकाळ मुलांनी जुळवायचं कसं? विक्रेत्याला दोनदा मेसेज केला, उत्तर नाही. शेवटी हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपर आणून तिन्ही अक्षरं कापली, पुठ्ठ्यावर चिकटवली. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डी गावात बालवाडीचं काम सुरू केलं तेव्हा शंख-शिंपले, बिया असं हाताशी मिळेल तेच वापरलं होतं, महागडं साहित्य लागतंच असं नाही.

पुठ्ठा मात्र जाड आहे, कोपरे अजून शाबूत. दहापैकी सहा. घ्यायचाच असेल तर आधी फोटोत ळ शोधा.