मेंढ्या विण्याआधी ठरवायचंय: कोल्ह्यासाठी लॅम्प घ्यावा की थर्मल?

मागच्या महिन्यात मेलबर्नच्या एका ओळखीच्याचा फोन आला, बॅलरटच्या पलीकडे साठ एकर घेतलेत, चाळीसेक मेंढ्या आहेत, जुलैत वितायत, कोल्हे कोकरं नेतायत, तर रायफलसोबत लॅम्प (झोताचा दिवा) घेऊ की डायरेक्ट थर्मल स्कोपच (अंगाची उष्णता दाखवणारी रायफलवरची दुर्बीण) घेऊ? तासभर बोललो. मी मूळचा फलटणकडचा, सात वर्षं इथे ऑस्ट्रेलियात, पश्चिम व्हिक्टोरिया राज्यात मेंढ्यांच्या फार्मवर काम करतोय आणि दोन्ही वापरून झालंय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट. आपल्या गावाकडचा कोल्हा वेगळा, त्याला इंग्रजीत जॅकल म्हणतात. इथला रेड फॉक्स आपल्या खोकडाचा भाऊबंद, पण अंगाने मोठा, तांबूस, झुपकेदार शेपटी आणि बहुतेक वेळा तिचं टोक पांढरं. हा मुळात इथला प्राणीच नाही, इंग्रजांनी शिकारीच्या हौसेसाठी 19व्या शतकाच्या मध्यात व्हिक्टोरियात आणून सोडला आणि शंभर वर्षांच्या आत तो बहुतेक देशभर पसरला. कोकरं सोडा, इथले जमिनीवर राहणारे छोटे प्राणी-पक्षी त्याने किती संपवलेत! म्हणून इथे तो सरकारी यादीत उपद्रवी आहे, व्हिक्टोरियात 2011 ला त्याच्यावर बक्षीससुद्धा लावलं, तेव्हा एका कोल्ह्यामागे 10 डॉलर. भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्याने कोल्हा-खोकडाच्या शिकारीला बंदी आहे, तेव्हा हे सगळं फक्त इथल्यापुरतं.

आणि पैसे खर्च करायच्या आधी मेलेलं कोकरू नीट बघा. थंडीने, उपाशी राहून, आईने टाकल्यामुळे खूप कोकरं मरतात आणि कोल्हा नंतर येऊन खातो. मान-गळ्याजवळची कातडी सोलून बघायची, दातांच्या भोकांखाली रक्त साकळलेलं असेल तर जिवंतपणी धरलंय. खुरांखालचा मऊ पापुद्रा तसाच असेल तर ते कोकरू कधी चाललंच नव्हतं, मग त्यात कोल्ह्याचा दोष नाही. जुळी असली की मेंढी एकाला घेऊन पुढे जाते आणि दुसरं मागे राहतं, त्यांना जास्त जपा.

आता लॅम्प. चांगला एलईडी लॅम्प काही शे डॉलरात येतो, लाल फिल्टर असलेलाच घ्या कारण पांढऱ्या उजेडापेक्षा लाल उजेडाला कोल्हा कमी बुजतो. पद्धत अशी की वारा तोंडावर घ्यायचा, काळोखी रात्र बघायची, लॅम्प हळूहळू फिरवायचा, डोळे चमकले की झोत थेट तोंडावर न टाकता झोताच्या कडेचा फिकट उजेड त्याच्यावर ठेवायचा, मग शिट्टी. इथे टेंटरफील्ड नावाची पत्र्याची छोटी शिट्टी मिळते, तिच्यातून पकडलेल्या सशासारखा आवाज निघतो, तो ऐकून कोल्हा कधी कधी पळतच येतो. जमेपर्यंत वेळ लागतो पण पहिल्यांदा समोरून येताना बघाल ना, अंगावर काटा येतो.

लॅम्पची खरी किंमत मात्र वेगळ्या गोष्टीत आहे. उजेडात तुम्हाला रंग दिसतो, कान दिसतात, शेपटी दिसते, मागची टेकडी, मधली तार, शेजाऱ्याच्या शेडचा पत्रा, सगळं दिसतं. नुसत्या डोळ्यांवर कधीच गोळी घालायची नाही, मांजर, कुत्रा, मेंढी सगळ्यांचेच डोळे चमकतात. तोटा म्हणजे माणसं दोन लागतात, एक लॅम्प धरणारा आणि एक नेम धरणारा, आणि एकदा गोळी चुकली की तो कोल्हा लॅम्प ओळखायला लागतो, पुढच्या वेळी उजेड पडला की वळून चालू पडतो. असे शहाणे झालेले कोल्हे लॅम्पने मारणं फार कठीण.

थर्मल तिथेच भारी पडतं. उजेड लागतच नाही, अंगाची उष्णता दिसते, एकटा माणूस काम करू शकतो, आणि लॅम्पला पाठ फिरवणारा कोल्हासुद्धा बिनधास्त चरणाऱ्या मेंढ्यांमधून फिरताना दिसतो. पण स्कोपचा खर्च हजारांत जातो. दाट धुक्यात, पावसात चित्र मळकट होतं आणि इथे विण्याच्या दिवसांत नेमकं तेच हवामान. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लांबवर कोल्हा, कोकरू, वॉलबी (छोटा कांगारू), शेजाऱ्याची केल्पी कुत्री हे सगळे पांढरे ठिपकेच असतात हो. अंतराचा अंदाज येत नाही. कुंपणाची तार दिसेलच असं नाही, गोळी तारेला लागली तर कुठे जाईल कोणी सांगावं. माझ्याकडून एकदा दीडशे मीटरवरच्या ठिपक्यावर नेम धरला गेला होता, बोट ट्रिगरवर नव्हतं म्हणून बरं, कारण तो उठला आणि आईला प्यायला गेला. ती रात्र मी विसरलेलो नाही.

डिजिटल नाईट व्हिजन, म्हणजे अंधारात बघणारा कॅमेरा, हा मधला पर्याय, स्वस्त पडतो, चेहरामोहरा थर्मलपेक्षा स्पष्ट दिसतो, पण शोधायला दमवतो. त्याचा इन्फ्रारेड (डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा) लाईट 850 नॅनोमीटरचा असेल तर पुढून बारीक लाल ठिपका दिसतो, 940 चा दिसत नाही पण लांब पोचत नाही.

रायफलचं थोडक्यात. .22 रिमफायर (छोट्या, कमी ताकदीच्या काडतुसाची रायफल) साठ-सत्तर मीटरपर्यंत ठीक, त्यापुढे कोल्हा जखमी होऊन जातो आणि ते मला अजिबात मान्य नाही. त्याहून ताकदीची .222 किंवा .223 असली की दीडशे मीटरवर जागच्या जागी पडतो, पण ती लायसन्सच्या बी कॅटेगरीत येते, त्याला वेगळं कारण द्यावं लागतं, काही आठवडे धरून चाला. आणि .22 ची गोळीसुद्धा दीड किलोमीटर जाऊ शकते, त्यामुळे मागे मातीचा चढ नसेल तर गोळी नाही म्हणजे नाही. तुमच्या साठ एकरात चारही बाजूंना घरं असतील तर लॅम्प का थर्मल हा प्रश्न नंतरचा. शेजाऱ्यांना त्या रात्री फोन करून ठेवायचा, गाडी हलताना रायफल रिकामी. आणि हरीण दिसलं तर हात आवरा, हौस म्हणून रात्री हरणाची शिकार व्हिक्टोरियात गुन्हा आहे.

माझं मत विचाराल तर थर्मल स्कोप आत्ता नकोच. हातात धरायचं छोटं थर्मल मोनोक्युलर (एका डोळ्याने बघायची दुर्बीण) घ्या, त्याने शोधा, मग लाल लॅम्प मारून खात्री करा आणि रायफलवरच्या साध्या, दिवसा वापरायच्या दुर्बिणीतून नेम धरून गोळी घाला. लॅम्प शेवटच्या काही सेकंदांपुरताच लागतो म्हणून कोल्हे शहाणे होत नाहीत, आणि खर्चही थर्मल स्कोपपेक्षा कमी. दोन-तीन हंगाम झाले, स्वतःच्या पॅडॉकचा (कुंपणातल्या कुरणाचा) प्रत्येक चढ-उतार पाठ झाला की मग स्कोपचा विचार करा.

नुसत्या गोळीवर मात्र अवलंबून राहू नका, दोन मारले की शेजारून दोन येतात. 1080 नावाच्या विषाचं आमिष शेजाऱ्यांनी मिळून एकाच वेळी टाकलं तर जास्त उपयोग होतो, पण ट्रेनिंग लागतं, आणि कुत्र्याने खाल्लं तर उतारा नाही, घरात कुत्रा असेल तर दहादा विचार करा. मारेमा कुत्रा मला मनापासून आवडतो, आपल्या धनगरांच्या कळपासोबत असतात तसाच राखणदार. वॉर्नमबूलजवळच्या मिडल आयलंडवर कोल्ह्यांनी पेंग्विन जवळजवळ संपवले होते, 2006 पासून तिथे मारेमा ठेवले आणि पेंग्विन परत वाढले. चाळीस मेंढ्यांना एक जोडी पुरते, फक्त पिल्लू असल्यापासून कळपात वाढवावं लागतं.

मेंढ्या जुलैत वितायत म्हणालात ना, मग जूनच्या सुरुवातीपासून आठवड्यातून दोन रात्री तरी निघा. कोल्ह्यांचा जोडीचा काळही तेव्हाच, भरपूर फिरतात. पहिल्या रात्री रायफल घरीच ठेवा, नुसतं मोनोक्युलर घेऊन कुंपणाच्या कडेने चाला आणि कोल्हा कुठून आत येतो ते बघून या.