हेडलाइटचा उजेड वाढवतो म्हणून १०,४०० रुपयांना लुबाडलं

एलईडी बल्बची जोडी ५,८००. रिलेसकट (बॅटरीची वीज थेट बल्बला जोडणारा स्विच) नवीन वायरिंग २,६००. पिवळ्या पडलेल्या काचांचं पॉलिश आणि कोटिंग १,४००. बसवणी ६००. एकूण १०,४०० रुपये. पक्कं बिल मागितलं तर "टॅक्स वर लागेल" हे ठरलेलं उत्तर, आणि हातात आकडे खरडलेली चिठ्ठी.

हौसेने गाडी सजवायला मी गेलो नव्हतो. वॅगनआर २००९ ची. कराडहून चिपळूणला बहिणीकडे वेळी-अवेळी जावं लागतं, आणि पावसाळ्यात रात्री कुंभार्ली घाटात समोरचं वळण दिसत नव्हतं. अशा अडलेल्या माणसालाच ही दिवे विकणारी दुकानदार मंडळी बरोबर हेरतात.

चीड येते ती एका क्षणाची. बल्ब बसवल्यावर दुकानदाराने गाडी भिंतीसमोर उभी करून डिपर, म्हणजे खालचा झोत, लावला. पांढराशुभ्र झोत भिंतीवर पसरला आणि वर पत्र्यापर्यंत गेला. "बघा साहेब, काय फेकतोय!" मी बघतच राहिलो. अहो, डिपरचा उजेड पत्र्यावर जातोच कसा? डिपरला भिंतीवर आडवी, स्पष्ट रेघ दिसली पाहिजे; रेघेच्या वर अंधार, फक्त डावीकडे थोडा चढ. रेघ नसेल तर उजेड रस्त्यावर न पडता समोरच्याच्या डोळ्यात जातो. पण चार महिने अंधारात गाडी चालवलेल्या माणसाला भिंतीवरचा लख्ख उजेड खोटा वाटेल कसा? त्या भिंतीसमोर गाडी उभी करण्यामागे त्याचा हिशोबच तो होता.

घाटात धुकं लागलं आणि समोर नुसती पांढरी भिंत. समोरून येणारे ट्रकवाले अप्पर, म्हणजे वरचा झोत, मारून शिव्या घालत होते. पुढे उजव्या बल्बला थंड ठेवणारा मागचा पंखा अडकला आणि दिवा लुकलुकायला लागला. पाऊस संपेपर्यंत काचा पुन्हा पिवळ्या. पॉलिशनंतर उन्हापासून वाचवणारं यूव्ही कोटिंग मारलंच नव्हतं.

शेवटी कराडच्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनने बॉनेट उघडलं. रिले नव्हतेच! जुन्याच वायरींवर नवी काळी टेप गुंडाळली होती. २,६०० रुपये टेपचे. खोक्यावर २०० वॉट आणि २०,००० लुमेन छापलेलं. मीटरवर डिपरला एक बल्ब १.७ अँपिअर घेत होता, म्हणजे जेमतेम २३ वॉट. कंपनीचा साधा एच-४ हॅलोजन अप्परला साधारण १,६५० लुमेन देतो, हे कळलं की २०,००० या आकड्याची लायकी कळते. वर पंखा मावावा म्हणून मागची रबरी टोपी कापली होती. त्यातून ओल आत गेली आणि रिफ्लेक्टर डागाळला. तो भरून येत नाही.

मूळ दुखणं वेगळंच होतं. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट, आणि बल्बच्या होल्डरवर ११.९; मधले जवळपास दोन व्होल्ट जुन्या वायरिंगमध्येच गळत होते. हॅलोजनला १० टक्के व्होल्टेज कमी मिळालं की जवळपास ३० टक्के उजेड जातो. खरे रिले, जाड वायर, नीट घासलेलं अर्थिंग आणि ६०/५५ वॉटचे नवे बल्ब, मजुरीसकट २,११० रुपयांत काम झालं. रिले खरे बसलेत का ते तिथेच तपासा: बटण दाबलं की बॉनेटखाली "टिक" असा आवाज येतो. १०० वॉटचे हॅलोजनही घालू नका, होल्डर वितळतो.

दुकानदार म्हणाला, वॉरंटी फक्त बल्बला, पंख्याला नाही. पोलीस चौकीत सांगितलं, हा व्यवहाराचा वाद आहे, कोर्टात जा. परिवहन कार्यालयात एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर, आणि शेवटी उत्तर काय? दुकानांवर आमचा अधिकार नाही, पण ते बल्ब गाडीत सापडले तर दंड तुम्हाला! म्हणजे विकणारा मोकळा, लुबाडला गेलेला गुन्हेगार. त्या दुकानाच्या पाटीवर "आरटीओ पास" लिहिलंय, ते तरी बघा म्हटलं, तर साहेब जेवायला गेलेत. दिव्यांच्या मंजुरीच्या चाचण्या पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था करतात, आरटीओ बल्ब पास करत नाही; हे त्या कार्यालयाला ठाऊक नाही असं मी मानत नाही. तरी पाटी आहे तिथेच आहे. तक्रार घेणारा आणखी एक कारकून म्हणाला, बिल आणा. बिल न देणं हीच माझी तक्रार होती!

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. पैसे यूपीआयने द्या, ती नोंद पुरावा ठरते. काढलेले जुने बल्ब दुकानात सोडू नका. खोक्याचा आणि पाटीचा फोटो काढून ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मी यूपीआयची नोंद, ती चिठ्ठी आणि कापलेली रबरी टोपी जोडून तक्रार दाखल केली आहे. १०,४०० रुपये आणि दोन्ही रिफ्लेक्टरची भरपाई मागितली आहे. त्याच पाटीखाली कुणी पैसे मोजले असतील तर त्यांनीही दाखल करावी.